एका बाईमागे एक टिकली

नागपूरजवळच्या हिंगणा एमआयडीसीला लागून इसासनी, वानाडोंगरी, डिगडोह, निलडोह या वस्त्या आहेत. तिथून कंत्राटी कामावर जाणाऱ्या बायकांचा प्रवास, कामाच्या पाळ्या आणि पगार, असा अभ्यासाचा विषय. भागीदार तीन: विद्यापीठातला आमचा विभाग, उद्योजकांची एक संघटना आणि वस्तीतलं महिला मंडळ. सर्वेक्षण खरं तर बचत गटातल्या बायकांनीच केलं. पण गट नोंदणीकृत नसल्याने कराराला चालेना, म्हणून १८६०च्या कायद्याखाली नोंदलेलं मंडळ पुढे केलं. विद्यापीठातर्फे सही कुलसचिवांची.

पैशाचा घोळ वेगळाच. एका कारखान्याची सीएसआरमधून, म्हणजे कंपन्यांनी सामाजिक कामासाठी ठेवायच्या निधीतून, खर्च करायची तयारी होती. पण कंपनीच्या स्वतःच्या कर्मचाऱ्यांपुरतं काम २०२१च्या दुरुस्त नियमांनुसार सीएसआरमध्ये धरता येत नाही. मग प्रश्न आला, कंत्राटी बायका कंपनीच्या कर्मचारी की नाहीत? कॅन्टीनच्या कुपनांची गोष्ट निघते तेव्हा त्या ठेकेदाराच्या असतात, आणि सीएसआरचा हिशेब लावताना लेखापालांना त्या कंपनीच्या वाटू लागल्या. शेवटी संघटनेने आपल्या निधीतून रक्कम दिली. सर्वेक्षण करणाऱ्या बायकांना रोजाप्रमाणे मानधन द्यायचं, तेही थेट बँक खात्यात, हे करारातच लिहून घेतलं होतं. नाही तर ‘स्वयंसेवक’ म्हणून ते काम फुकटात जातं.

करारात आणखी एक कलम होतं: मसुदा आधी वस्तीत वाचायचा, मग संघटनेपुढे ठेवायचा. हे कलम उगीच शोभेला घातलेलं नव्हतं, ते मसुदा वाचला त्या रविवारी समाजमंदिरात दिसलं.

टक्केवारी वाचून दाखवली की सगळ्या माना डोलावतात आणि कुणी काही बोलत नाही. म्हणून प्रत्येक तक्ता ड्रॉइंग शीटवर टिकल्यांनी काढला होता. एका बाईमागे एक टिकली. पगाराची स्लिप मिळते तिची हिरवी, मिळत नाही तिची लाल. ज्या थांब्यावर गाडी पकडायची, त्या थांब्याची एक ओळ. बहुतेक ओळींत दोन्ही रंग मिसळलेले होते. एका ओळीत मात्र सात टिकल्या, सातही लाल. (थांब्याचं नाव इथेही लिहीत नाही.)

पॅकिंगमध्ये काम करणाऱ्या एक ताई शीटजवळ आल्या, त्या ओळीवर बोट ठेवलं.

“मॅडम, हे फॅक्टरीत दाखवान तं आमचं नाव लिहाची गरजच नाही. इथून एकाच ठेकेदाराची गाडी जाते. कोन बोललं हे त्याले पुसा नाही लागत. सगळ्याच बोलल्या ना!”

आकडेवारीत साधारण नियम असा की तक्त्यातल्या ज्या चौकटीत पाचपेक्षा कमी माणसं येतात, ती चौकट छापायची नाही, शेजारच्या चौकटीत मिसळायची. सात म्हणजे नियमात बसणारी संख्या. पण हा नियम एकट्यादुकट्या माणसाला झाकतो. चौकटीतल्या सगळ्यांचं उत्तर एकच असेल, तर सात काय आणि सत्तर काय, गटात कोण आहे एवढं कळलं की प्रत्येकीचं उत्तर कळतं. आणि गटात कोण आहे हे ठेकेदाराला मस्टरवरून, म्हणजे हजेरीपटावरून, पाठ असतं.

नुसती ती ओळ खोडून भागत नाही. खाली एकूण बेरीज आणि वर बाकीच्या ओळी तशाच राहिल्या, तर वजाबाकी करून ती ओळ परत हाती येते. म्हणून एक तर आणखी एखादी ओळ झाकावी लागते, नाही तर गट मोठे करावे लागतात. आम्ही थांबे मोडून दोनच गट केले: लोकमान्य नगर मेट्रोच्या बाजूचे आणि आतल्या वस्त्यांचे. दोन्ही गटांत अनेक ठेकेदार आले, दोन्ही रंग आले. गाड्यांच्या वेळांचा तक्ता थांब्यावारच ठेवला, कारण सकाळी सातच्या पाळीला पोचायची अडचण थांब्याशिवाय सांगताच येत नाही, आणि गाडी उशिरा येते म्हटल्याने कुणाचं काम जात नाही. स्लिपचा प्रश्न मात्र थांब्यापासून तोडला.

सोमवारी संघटनेच्या बैठकीत एका कारखान्याच्या एचआर अधिकाऱ्यांनी एक्सेलची मूळ फाइल मागितली. “नावं आणि मोबाइल नंबर काढून द्या, आमची हरकत नाही.” हरकत त्यांची नव्हतीच, आमची होती. वस्ती, कामावर लागल्याचा महिना, मुलं किती, पाळी कोणती, एवढे चार रकाने मस्टरशेजारी ठेवले की नाव आपोआप सापडतं. मूळ माहिती विभागातच राहील आणि भागीदारांना फक्त तक्ते मिळतील, हे कलम दाखवलं तेव्हा ते जरा चिडले.

त्यांचं म्हणणं अगदीच चुकीचं नव्हतं. ठेकेदाराने मजुरी बुडवली तर ती चुकती करायची जबाबदारी मूळ मालकावर, म्हणजे कारखान्यावर येते; १९७०च्या कंत्राटी कामगार कायद्यात तसं होतं आणि त्याच्या जागी आलेल्या कामगार संहितेतही आहे. मग कोणता ठेकेदार स्लिप देत नाही हे कळल्याशिवाय त्यांनी पकडायचं कुणाला? पण त्यासाठी बायकांची उत्तरं कशाला हवीत? महिन्याचं बिल मंजूर करण्याआधी सगळ्याच ठेकेदारांकडून स्लिपांच्या सही झालेल्या प्रती मागवाव्यात, असं मंडळाच्या अध्यक्षताईंनी सुचवलं. सगळ्यांकडून मागितल्या म्हणजे बोट कुणाकडेच जात नाही. अधिकाऱ्यांनी ते लिहून घेतलं.

प्रकाशनाच्या कलमावर मात्र अजून ओढाताण चालू आहे. संघटनेला मसुदा तपासायला तीस दिवस द्यायला आम्ही तयार आहोत. चुकीचा आकडा किंवा व्यवसायाचं गुपित दाखवून द्यावं, निष्कर्ष बदलायला सांगू नये. त्यांना ‘लेखी संमतीशिवाय प्रसिद्धी नाही’ असं वाक्य हवंय. पुढच्या टप्प्याच्या करारासोबत आता रिकामे तक्ते जोडतोय: कोणत्या ओळी, कोणते रकाने, कोणता प्रश्न कशाला जोडायचा नाही. आकडे भरण्याआधीच त्यांवर तिघांच्या सह्या होतील. टिकल्यांची पाकिटं मंडळाने आधीच आणून ठेवली आहेत, बिलासकट.