एकोणीस सेकंदांचा पूर्वपक्ष

१८ नोव्हेंबर २०२४ हा विधानसभा निवडणुकीच्या प्रचाराचा शेवटचा दिवस होता. कोल्हापुरात सकाळपासून प्रचाराच्या रिक्षांचे भोंगे आणि दुचाकींच्या फेऱ्या यांनी कान किटले होते आणि मी विभागाच्या संगणक कक्षात खिडक्या लावून दोन संशोधक विद्यार्थ्यांसह बसले होते. राजकीय भाषणांचे तुकडे समाजमाध्यमांवर कसे फिरतात, हा माझा अभ्यासविषय आहे. फेसबुकवरील सार्वजनिक मजकुराचा माग काढण्यासाठी अभ्यासक ज्यावर विसंबून असत, ते क्राउडटँगल हे साधन मेटाने त्याच वर्षी १४ ऑगस्टला बंद केले होते आणि व्हॉट्सॲपच्या गटांत तर बाहेरून डोकावताच येत नाही. त्यामुळे विद्यार्थ्यांनी स्वतःच्या गटांत आलेल्या चित्रफिती नावे-क्रमांक गाळून आणून द्यायच्या, अशी आमची गरिबाघरची पद्धत होती.

त्यांतल्या एका एकोणीस सेकंदांच्या चित्रफितीवर दुहेरी बाणाची खूण होती, म्हणजे ती किमान पाच हातांतून पुढे आलेली होती. करवीर तालुक्यातल्या एका सभेत उमेदवार बोलत होता : "शेतकऱ्याला काय कमी हाय? ऊस घालतोय, बिल खात्यावर पडतंय, तरी रस्त्यावर बसायला हाच पुढं!" खाली ढोलाचे संगीत जोडलेले होते. दोन्ही विद्यार्थ्यांनी एकमेकांचे न पाहता तिची नोंद 'मतदारांची अवहेलना' या वर्गात केली. दोन नोंदकांचे एकमत योगायोगापेक्षा किती अधिक आहे, हे कोहेन यांनी १९६० साली मांडलेल्या कप्पा या गुणांकाने मोजतात. तोही आमच्या बाजूने होता. मी तर त्याच्याही पुढे गेले होते. शनिवारी एम.ए.च्या वर्गात हीच चित्रफीत मी 'वक्त्याचा तोल सुटणे' याचे उदाहरण म्हणून दाखवली होती.

चहा घेऊन आलेले आमचे शिपाईमामा आवाज ऐकून दारातच थांबले. ते त्याच भागातले. म्हणाले, "मॅडम, हे त्याचं बोलणं नव्हं. मी हुतो की सभेला. दुसऱ्याचं बोलणं त्यानं करून दाखवलंय. म्होरचं तोडलंय बघा."

उमेदवाराच्या पानावर सभेचे संपूर्ण थेट प्रक्षेपण अजून होते. शोधायला वेळ लागला, पण जागा सापडली. त्या वाक्यापाठोपाठ तो म्हणत होता, "असं आमच्यासमोर उभी असलेली मंडळी एसीत बसून म्हणत्यात," आणि पुढची काही मिनिटे उसाच्या दराचा हिशेब मांडून तेच म्हणणे तो खोडून काढत होता. आवाजाची नक्कल ओळखून लोक हसले होते; चित्रफितीत ते हसू ढोलाखाली गाडले गेले होते.

विद्यार्थी ओशाळले, पण दोष त्यांचा नव्हता. आमची नोंदपुस्तिका, म्हणजे तुकड्यांची वर्गवारी कशी करायची याचे नियम, मी इंग्रजी अभ्यासांवरून बेतली होती आणि तिच्यात एक वाक्य म्हणजे नोंदीचा एक घटक, असे धरले होते. इंग्रजीत 'ते म्हणतात' हे बहुधा आधी येते, त्यामुळे पुढचे शब्द कोणाचे हे ऐकणाऱ्याला अगोदरच कळते. मराठीतही 'ते म्हणतात की' अशी रचना आहे, पण व्यासपीठावरचा रांगडा वक्ता ती क्वचितच वापरतो. तो आधी दुसऱ्याचे बोलणे त्याच्याच तोऱ्यात उच्चारतो आणि 'असं म्हणत्यात' हे शेपूट शेवटी लावतो. कात्री चालवणाऱ्याला एवढे शेपूट छाटले की पुरते. एकही शब्द बदलावा लागत नाही. खोडून काढण्यासाठी आधी मांडलेल्या अशा दुसऱ्याच्या म्हणण्याला आपल्या परंपरेत पूर्वपक्ष म्हणतात. कीर्तनात बुवा स्वतःच शंका काढतात आणि स्वतःच तिचे निरसन करतात, तेव्हा शंका बुवांची आहे असे कोणीही समजत नाही, कारण श्रोता उत्तरपक्षापर्यंत बसलेला असतो. मोबाइलवरचा श्रोता बसलेला नसतो. विश्वसनीयता (सर्वांची नोंद सारखी येणे) आणि सप्रमाणता (जे मोजायचे तेच मोजले जाणे) यांतला फरक मी दरवर्षी फळ्यावर लिहून शिकवते. आमची मोजणी विश्वसनीय होती, कारण आम्ही तिघांनीही तोच तुटका तुकडा पाहिला होता.

एक प्रश्न मात्र पुस्तकातला नव्हता. मतदान संपण्याच्या वेळेआधीच्या ४८ तासांत जाहीर सभा घेण्यास लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या १२६व्या कलमाने मनाई आहे; म्हणजे त्या संध्याकाळनंतर उमेदवाराला सभेतून खुलासा करण्याची सोयच नव्हती. आम्ही बोललो असतो तर एका बाजूचे ठरलो असतो, आणि गप्प राहिलो तर कात्रीच्या बाजूचे. मी विभागाच्या नावाने काहीही प्रसिद्ध केले नाही. तो निर्णय बरोबर होता, असे मी आजही छातीठोकपणे म्हणणार नाही. मामांनी मात्र संपूर्ण भाषणाचा दुवा मागून घेतला आणि गावाच्या गटावर टाकला. त्यांना अडवण्याचा अधिकार मला नव्हता आणि, खरे सांगायचे तर, इच्छाही नव्हती.

मतदानानंतरच्या पहिल्या तासाला मी वर्गात माझी चूक सांगितली आणि दोन्ही चित्रफिती लागोपाठ दाखवल्या. आधी नोंदलेले सगळे तुकडे पुन्हा तपासायचे ठरले. मूळ भाषण मिळाल्यास तुकड्याच्या आधीचा आणि नंतरचा एकेक मिनिट ऐकल्याशिवाय नोंद करायची नाही, आणि मूळ न मिळाल्यास वर्ग न देता जागा रिकामी सोडायची, असा नियम झाला. तक्त्यात त्यासाठी नवा स्तंभ करताना विद्यार्थिनीने शीर्षक विचारले, तेव्हा मामांचाच शब्द सुचला. शोधनिबंधात आम्हाला 'उत्तरसंदर्भ' असे लिहावे लागते, पण तक्त्यात तो स्तंभ अजूनही 'म्होरचं' याच नावाने आहे.