भरलेल्या गाडीनं डोंगर ओलांडून समुद्राकडे: वृत्तांत आणि तयारीच्या नोंदी

ड्रायव्हरच्या बाजूचं दार उघडलं की चौकटीवर एक छोटं स्टिकर दिसतं. बहुतेकांनी ते गाडी घेतल्यापासून वाचलेलं नसतं. आमच्या गाडीच्या स्टिकरवर टायरमधल्या हवेच्या दोन ओळी आहेत. दोन-तीन माणसं असतील तर मागच्या चाकांत ३० पीएसआय आणि गाडी पूर्ण भरलेली असेल तर ३६. पुढच्या चाकांचा आकडा मात्र जेमतेम एकानं वाढतो. ज्यांनी गाडी बनवली तेच सांगताहेत की रोज कामाला नेता ती गाडी वेगळी आणि पाच माणसं, त्यांच्या बॅगा असं सगळं कोंबून घाटात नेता ती वेगळी. या सुट्टीत मी, दादा, वहिनी आणि आई-बाबा असे गाडीनं डोंगर ओलांडून समुद्राकडे जाऊन आलो. तयारी केली ती या दुसऱ्या गाडीची. आधी सपाट महामार्ग, मग घाट आणि शेवटी किनाऱ्यालगतचा अरुंद रस्ता, असा कुठलाही मार्ग तुम्ही धरलात तरी यातलं बरंचसं उपयोगी पडेल.

आधी वेळापत्रक. दादानं नकाशा उघडून “नऊ तासांत पोचतो” असं जाहीर केलं. मी म्हटलं, “अरे दादा, नकाशाला बाबांचे गुडघे माहीत नाहीत.” नकाशातला वेळ गाडी चालती असण्याचा असतो. त्यात थांबे नसतात, डोंगरात ट्रकमागे अडकणं नसतं, सुट्टीची गर्दी तर नसतेच. आम्ही त्यावर तिसरा हिस्सा वाढवला आणि उलट्या बाजूनं हिशोब केला. मुक्कामी उजेडात पोचायचं, घाट दुपारच्या आत संपवायचा, दर दोन तासांनी सगळ्यांनी खाली उतरायचं. एवढं मांडल्यावर नऊ तासांचे बारा झाले आणि वाटेत एक मुक्काम घ्यावा हे दादाच म्हणाला. किलोमीटर मोजून आखलेला बेत संध्याकाळी सातनंतर हमखास कोसळतो, आणि नेमका तेव्हाच अनोळखी रस्त्यावर अंधार झालेला असतो.

सर्व्हिसिंग निघण्याच्या दोन आठवडे आधी करून घेतलं. आदल्या दिवशी गॅरेजमधून आणलेली गाडी घेऊन लांब जाऊ नये असं माझं ठाम मत आहे. सैल राहिलेला क्लिप, नीट न बसलेला पाइप, तेलाचा बारीक गळ या गोष्टी पहिल्या शे-दोनशे किलोमीटरमध्ये उघड होतात. ते किलोमीटर घराजवळ झालेले बरे. दुसरं म्हणजे गॅरेजमध्ये “लांब जायचंय, सगळं बघून घ्या” असं सांगून काही होत नाही. “सगळं” म्हणजे काय ते कागदावर लिहून द्यावं लागतं. आमच्या कागदावर वर होतं ब्रेक ऑइल. त्याच्याकडे फार कमी लोक लक्ष देतात. हे द्रव हवेतली ओल शोषून घेतं. डॉट ४ प्रतीचं ताजं ब्रेक ऑइल किमान २३० अंशांपर्यंत उकळत नाही, पण ओल मुरली की तो आकडा १५५च्या आसपास उतरू शकतो. रोजच्या रस्त्यावर याचा पत्ताही लागत नाही. घाट उतरताना ब्रेक तापले की द्रवात बुडबुडे होतात आणि पेडल मऊ पडून खाली जातं. दोन वर्षांत बदललेलं नसेल तर बदलून टाका, खर्च फार नाही. त्याखाली ब्रेक पॅडची जाडी, कूलंटची पातळी आणि प्रत, पंख्याचा पट्टा, वायपरची रबरं.

बॅटरी आम्ही घरीच तपासली. रात्रभर उभ्या गाडीच्या बॅटरीवर मल्टिमीटर लावला की भरलेली बॅटरी साधारण १२.६ व्होल्ट दाखवते. १२.२ दिसले तर ती निम्मी उतरलेली आहे. इंजिन चालू केल्यावर आकडा साधारण १३.७ ते १४.७मध्ये हवा, नाहीतर अल्टरनेटर, म्हणजे चालत्या इंजिनावर बॅटरी भरणारं यंत्र, दाखवून घ्या. बॅटरीला तीन-चार वर्षं झाली असतील आणि सकाळी स्टार्टर आळसावत असेल, तर तिला सुट्टीवर नेऊ नका.

टायरच्या बाबतीत नक्षी किती उरली हे सगळे बघतात, वय कुणी बघत नाही. टायरच्या बाजूवर डॉट (DOT) या अक्षरांच्या ओळीत शेवटी चार आकडे असतात. २३१९ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. नक्षी भरपूर असलेला, पण सहा-सात वर्षांचा, बारीक भेगा पडलेला टायर मी भरल्या गाडीखाली उन्हात नेणार नाही. नक्षीच्या खाचांमध्ये छोटे उंचवटे असतात. नक्षी झिजून त्यांच्या बरोबरीला आली, म्हणजे १.६ मिलिमीटर उरली, की टायर संपला. पावसाची शक्यता असेल तर तेवढीही वाट बघू नका. टायरच्या बाजूला कुठे फुगवटा दिसला तर चर्चाच नको.

या सगळ्या तयारीत मला सर्वांत उपयोगी वाटली ती तालीम. निघण्याच्या आदल्या रविवारी आम्ही पाचही जण, सगळ्या बॅगांसकट, गाडीत बसलो आणि तासाभराचा फेरा मारून आलो. वहिनीला हा वेडेपणा वाटला होता. पण त्या तासाभरात जे कळलं ते एरवी घाटात कळलं असतं. मागचा भाग खाली बसल्यामुळे हेडलाइट वर तोंड करून समोरच्यांच्या डोळ्यांत जात होते. स्टिअरिंगच्या बाजूला एक छोटी फिरकी असते, ० ते ३ किंवा ४ आकड्यांची, ती याचसाठी असते. भार वाढला की आकडा वाढवून झोत खाली घ्यायचा. एका गतिरोधकावर गाडीचं पोट घासलं. ब्रेक दाबल्यावर थांबायला लागणारं अंतर चक्क जाणवण्याइतकं वाढलं होतं. आणि आईला मागच्या मधल्या सीटवर अर्ध्या तासातच मळमळू लागलं. मग आई पुढे, बाबा मागे डावीकडे, अशी मांडणी तिथेच ठरली.

वजनाचा हिशोबही तेव्हाच झाला. गाडीच्या पुस्तिकेत माणसं आणि सामान मिळून किती भार चालतो ते लिहिलेलं असतं. छोट्या गाड्यांना तो साधारण चारशे-साडेचारशे किलो असतो. सरासरी सत्तर किलोची पाच माणसं म्हणजे ३५० तिथेच गेले. आम्ही दोन मोठ्या बॅगा कमी केल्या. दादाला टपावर कॅरिअर लावायचं होतं, त्याला मी विरोध केला. टपावरच्या भारानं वळणावर गाडी जास्त कलते आणि वाऱ्याचा अडथळा वाढून इंधन जातं. जड बॅगा डिकीत तळाला, मागच्या सीटला टेकवून. मागच्या काचेजवळ सुटं काही ठेवायचं नाही, जोराचा ब्रेक लागला की ते सरळ डोक्यावर येतं. स्टेपनी डिकीच्या तळाशी असल्यामुळे तिच्यावर सगळं सामान येतं. ते टाळता येत नाही, पण जॅक, पाना, धोक्याचा त्रिकोण, टॉर्च आणि प्रथमोपचाराची पेटी हाताशी येतील अशी वेगळी ठेवता येतात. स्टेपनीतली हवा शिफारशीपेक्षा थोडी जास्तच भरून ठेवली. रस्त्यात हवा काढता येते, भरणं अवघड असतं.

निघालो ते पहाटे, पूर्ण झोप घेऊन. महामार्गावर फार सांगण्यासारखं काही नाही, रस्ता सरळ आणि कंटाळवाणा होता. वेगाबद्दल मात्र दादाशी माझा वाद झाला. नव्वदऐवजी एकशेदहानं गेलं तर शंभर किलोमीटरमागे बारा मिनिटं वाचतात, पण वाऱ्याचा विरोध जवळजवळ दीडपट होतो. इलेक्ट्रिक गाडीवाल्यांना हे रेंजच्या आकड्यात लगेच दिसतं, पेट्रोलवाल्यांना पंपावर. शिवाय ताशी शंभरच्या वेगात दर सेकंदाला २८ मीटर मागे पडतात. चार सेकंदांची डुलकी म्हणजे शंभर मीटरहून जास्त अंतर बिनड्रायव्हरची गाडी. दुपारी दोन ते चार हा झोपेचा काळ, पहाटेच्या खालोखाल वाईट. दादाचे डोळे जड झाले तेव्हा त्यानं कॉफी घेतली आणि लगेच वीस मिनिटं झोपला. कॉफीचा परिणाम व्हायला तेवढाच वेळ लागतो, त्यामुळे दोन्हींचा फायदा एकदम मिळतो. खिडकी उघडणं, मोठ्यानं गाणी लावणं यांचा उपयोग दोन-चार मिनिटांपुरता. एसी बराच वेळ आतलीच हवा फिरवण्यावर ठेवला की बंद गाडीत पाच जणांच्या श्वासानं हवा जड होते आणि सुस्ती येते, ते बटण अधूनमधून बदलत राहा.

दुपारी एका पंपावर हवा तपासली तर मागे ४० दिसले. तिथला मुलगा हवा काढायला वाकलाच होता, त्याला थांबवलं. दाराच्या स्टिकरवरचे आकडे थंड टायरचे असतात. चालून तापलेल्या टायरमध्ये तीन-चार पीएसआय जास्त दिसणारच. ते काढले तर दुसऱ्या दिवशी सकाळी टायर कमी हवेवर धावेल आणि जास्त तापेल. हवा सकाळी, निघण्यापूर्वी तपासायची.

दुसऱ्या दिवशी घाट. चढताना कडेला बोनेट उघडून उभ्या असलेल्या दोन-तीन गाड्या दिसल्या. तापमानाचा काटा वर सरकू लागला तर एसी बंद करा, हीटर पूर्ण चालू करा आणि सुरक्षित जागा बघून थांबा. हीटर लावणं उलटं वाटतं, पण तो इंजिनचीच उष्णता बाहेर काढतो. गरम असताना रेडिएटरचं झाकण कधीही उघडू नका. आत द्रव दाबाखाली असल्यामुळे शंभर अंशांच्या वर जाऊनही उकळलेला नसतो, झाकण सैल केलं की उसळून अंगावर येतो. चढावर आमची गाडी नेहमीपेक्षा दमलेली वाटली. भार हे एक कारण आणि विरळ हवा हे दुसरं. टर्बो, म्हणजे इंजिनात हवा दाबून भरणारा पंखा, नसलेल्या इंजिनची ताकद दर हजार मीटरला साधारण दहा टक्क्यांनी घटते. ओव्हरटेक करताना रोजचा अंदाज इथे धरू नका.

खरी परीक्षा उतरताना असते, आणि लोक चढाचीच धास्ती घेतात. भरलेली गाडी दीड टनाची धरा. ती सहाशे मीटर खाली उतरते तेव्हा जी ऊर्जा कुठेतरी जिरावी लागते, तिच्यात पंचवीस लिटर पाणी उकळीपर्यंत तापेल. ते सगळं चार ब्रेकच्या डोक्यावर टाकायचं की इंजिनाला वाटा उचलायला लावायचं, एवढाच प्रश्न आहे. आम्ही दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये उतरलो. ज्या गिअरमध्ये चढ चढला असता, साधारण तोच उतारालाही. ब्रेक सतत घासत ठेवायचा नाही. वळणाआधी ठामपणे दाबून वेग उतरवायचा आणि सोडायचा. ऑटोमॅटिक गाडीत मॅन्युअल किंवा खालच्या गिअरची सोय असते, ती घाटात वापरा. इलेक्ट्रिक गाडी उतारावर बॅटरीत ऊर्जा परत भरते, पण घाटमाथ्यावरच ती शंभर टक्के भरून घेतली असेल तर परत भरायला जागाच नसते आणि सगळा भार ब्रेकवर येतो. तेल वाचवायला न्यूट्रलवर गाडी सोडणाऱ्यांनी हे ऐका: आजच्या इंजेक्शन इंजिनांत गिअरमध्ये असताना पाय ॲक्सिलरेटरवरून काढला की उतारावर इंधन जवळजवळ बंदच होतं. न्यूट्रलला उलट इंजिन सुरू ठेवायला ते लागतं.

किनाऱ्यालगतच्या रस्त्यावर मागचं डावं चाक बसलं. खिळा. सपाट जागा मिळेपर्यंत हळू पुढे गेलो, सगळ्यांना रस्त्यापासून दूर उभं केलं, त्रिकोण निदान पन्नास मीटर मागे, वळणाच्या अलीकडे ठेवला. नट आधी सैल करायचे, मग जॅक. चाक अधांतरी असताना नट सोडवायला गेलं की चाकच फिरतं आणि गाडी जॅकवरून सरकू शकते. स्टेपनी बसवताना नट समोरासमोरचे आळीपाळीनं आवळायचे आणि शंभर किलोमीटरच्या आत पुन्हा एकदा पाना लावून बघायचा. ज्यांच्या गाडीत बारीक, तात्पुरती स्टेपनी असते त्यांनी तिच्यावर लिहिलेली मर्यादा पाळावी, बहुधा ताशी ८० किलोमीटर. आणि ज्यांच्या गाडीत स्टेपनीच नाही, फक्त द्रवाची बाटली आणि पंप आहे, त्यांनी ती कशी वापरायची ते निघण्याआधी वाचावं. बऱ्याच नव्या गाड्यांत असं असतं आणि मालकाला ते टायर बसल्यावरच कळतं.

समुद्र छान होता, त्यावर वेगळं लिहीन. गाडी वाळूत नेली नाही. ओली वाळू घट्ट दिसते, पण भरलेली गाडी थांबली की चाकं रुततात, आणि भरती कुणासाठी थांबत नाही.

परत आल्यावर दोन कामं लांबणीवर टाकू नका. गाडीचं पोट खालून पाण्यानं धुवून घ्या, खारी हवा आणि खारी वाळू पत्रा खाते. आणि पंक्चरचं चाक त्याच आठवड्यात टायरवाल्याकडे न्या. नक्षीच्या भागातला खिळा दुरुस्त होतो. तो टायर आतून बघायला सांगा, कारण कमी हवेवर थोडंही चाललं असेल तर आतल्या बाजूला रबराचा भुसा पडलेला दिसतो. तसं असेल किंवा चीर टायरच्या बाजूला असेल, तर टायरवाला कितीही आग्रह करो, त्याला ठिगळ लावून घेऊ नका.