पाचारणाची मुळे

धर्मभगिनी (नन) होण्याची प्रेरणा मला शाळेत मिळाली, असे शाळेच्या महोत्सवी स्मरणिकेत लिहिले असते तर वाचणाऱ्यांना ते स्वाभाविक वाटले असते. परंतु ते अर्धेच सत्य ठरले असते. ती प्रेरणा, म्हणजेच माझे पाचारण (देवाची हाक), माझ्या घरात रुजली आणि शाळेने मला ती ओळखायला शिकवले.

आमच्या घरी संध्याकाळची जपमाळ आजी सांगत असे. प्रत्येक रहस्यापूर्वी, म्हणजे येशू व मरियेच्या जीवनातील मननाच्या प्रसंगापूर्वी, ती शेजारच्या आजाऱ्यांची, दुरावलेल्या नातलगांची नावे घेई, त्यामुळे प्रार्थना म्हणजे दुसऱ्यांसाठी देवापुढे उभे राहणे, हे मला धर्मशिक्षणाच्या वर्गात बसण्यापूर्वीच उमगले होते. वडिलांची रीत वेगळी होती. वेदीवर अर्पण ठेवण्याआधी भावाशी समेट कर, हे मत्तयच्या शुभवर्तमानातील प्रभू येशूचे वचन ते अक्षरशः पाळत, आणि काकांशी वाद झाला असेल तर तो मिटवून आल्यावरच प्रार्थनेला बसत.

शाळेत शमुवेलाची गोष्ट आम्हाला एका सिस्टरांनी शिकवली. रात्री आपल्या नावाने हाक ऐकू आली की बालक शमुवेल धावत वृद्ध याजक एलीकडे जातो. असे तीनदा घडल्यावर ही हाक परमेश्वराची आहे हे एलीच्या ध्यानी येते आणि तिला उत्तर कसे द्यावे हे तो मुलाला सांगतो. सिस्टर मात्र तेवढ्यावर थांबल्या नाहीत. शमुवेलाला मंदिरात सोपवणाऱ्या हन्नेविषयी, दरवर्षी त्याच्यासाठी लहानसा झगा शिवून नेणाऱ्या त्या आईविषयी त्या फार आत्मीयतेने बोलल्या. मुलाला अर्पण केल्यानंतरही हन्ना त्याची आईच राहिली, हा विचार तेव्हापासून माझ्या मनात आहे.

पुढे मी सिस्टरांना माझी इच्छा सांगितली, तेव्हा त्यांनी ना कौतुक केले, ना घाई. शिक्षण पूर्ण कर, प्रार्थना कर आणि आई-वडिलांशी मोकळेपणाने बोल, एवढेच त्या म्हणाल्या. कॅथोलिक चर्चचा कायदाही असाच संयमी आहे, हे मला नंतर कळले. वयाची 17 वर्षे पूर्ण होण्याआधी नवदीक्षेत, म्हणजे धर्मभगिनींच्या संघातील व्रतांपूर्वीच्या प्रशिक्षणात, प्रवेश देता येत नाही. नवदीक्षेचा काळ किमान 12 महिन्यांचा असतो. त्यानंतरची तात्पुरती व्रते किमान तीन वर्षांसाठी असतात आणि आजीवन व्रतांसाठी वयाची 21 वर्षे पूर्ण व्हावी लागतात. हा अवधी मुलीला स्वतःचे मन पारखण्यासाठी असतो, आणि माझ्या अनुभवाने सांगते, तिच्या घरच्यांनाही त्याची तितकीच गरज असते.

माझ्या आईला तो अवधी लागला. तिची श्रद्धा दृढ होती, तरीही माझा निर्णय ऐकून ती फार रडली. तिच्या अश्रूंचा अर्थ मला एडिथ स्टाइन यांच्या चरित्रामुळे समजला. ज्यू कुटुंबात जन्मलेल्या या विदुषीने 1922 मध्ये बाप्तिस्मा घेतला आणि 1933 च्या ऑक्टोबरमध्ये जर्मनीतील कोलोनच्या कार्मेल मठात (कार्मेलाइट धर्मभगिनींच्या मठात) प्रवेश केला. घर सोडण्यापूर्वीच्या अखेरच्या दिवसांत त्या आपल्या वृद्ध आईसोबत सिनेगॉगमध्ये (ज्यूंच्या प्रार्थनागृहात) गेल्या होत्या. मठातूनही त्या आईला नियमित पत्रे लिहीत, आणि बराच काळ त्या पत्रांना आईचे उत्तर येत नसे. 1942 मध्ये नाझींच्या आउशवित्झ छळछावणीत त्यांचा वध झाला आणि 1998 मध्ये चर्चने त्यांना संत घोषित केले. ज्यांच्या पाचारणाला घरातून संमती मिळाली नाही, त्यांनीही आईचे नाते तोडले नाही, हे वाचून मला मोठा धीर आला. माझ्या आईने यथावकाश आनंदाने संमती दिली, याबद्दल मी देवाची ऋणी आहे.

चर्चमध्ये अनेक सुधारणा घडवणाऱ्या दुसऱ्या व्हॅटिकन महासभेपूर्वी (1962-65) धर्मभगिनींच्या अनेक संघांत व्रतस्थ होताना नवे नाव घ्यावे लागे. मला बाप्तिस्म्याचेच नाव ठेवता आले. ते आजीने सुचवलेले असल्यामुळे व्रतविधीत त्याचा उच्चार झाला, तेव्हा माझे सारे घर माझ्यासोबत वेदीपुढे उभे आहे असे मला वाटले. दारिद्र्य, ब्रह्मचर्य आणि आज्ञापालन ही व्रते मी घेतली, पण साधेपणाने राहणे आणि दुसऱ्यासाठी स्वतःची इच्छा बाजूला ठेवणे मी त्या घरातच प्रथम पाहिले होते.

आता आमच्या संघात येऊ इच्छिणाऱ्या मुलींना भेटण्याचे काम माझ्याकडे आहे. मी त्यांना आधी घरच्यांविषयी विचारते. आई-वडिलांशी बोलणे झाले नसेल तर ते करून येण्यास सांगते, आणि शक्य असेल तेव्हा पुढच्या भेटीला त्यांनाही सोबत बोलावते.