ब्राँझचा जवान शोधायला बेळगावच्या खानापूर तालुक्यात जाणार असाल तर आधी हे वाचा

हलशीच्या पुढं कुणीही "ब्राँझचा शिपाई हाय की ओ आमच्या गावात" म्हणालं तर लगेच जीप ठरवू नका. आधी व्हॉट्सअपवर फोटो मागवा, आणि तो पुतळ्याच्या तोंडाचा नको, पायाचा आणि बैठकीचा मागवा. मला जो फोटो आला होता तो लांबून, संध्याकाळच्या उन्हात काढलेला, त्यात सोन्याचासुद्धा वाटला असता.

आमच्या आजोबांच्या पलटणीचा एक ग्रुप फोटो आहे, बेळगाव कॅम्पातला. पुढं टेबलावर दीडेक फुटाचा ब्राँझचा जवान उभा आहे, हाफ पँट, पायाला पट्ट्या, आणि रायफल खांद्यावर नाही तर उजव्या हातात, जमिनीला समांतर. ही ट्रेलची पकड म्हणजे लाइट इन्फन्ट्रीची खूण, ते लोक मिनिटाला १४० पावलांनी चालतात. बेळगावात १९२२ पासून मराठा लाइट इन्फन्ट्रीचं सेंटर आहे, तिची पहिली बटालियन, जंगी पलटण, तर १७६८ ची, म्हणजे तो आपलाच जवान यात मला शंका नव्हती. पेन्शनर मंडळींत बोलणं असं की कुणा सुभेदाराला रिटायर होताना तो भेट मिळाला आणि खानापूर तालुक्यात गेला. पुढं कुणालाच माहीत नाही.

बेळगावातला वेळ मजेत गेला, कुंदा खाल्ला, त्यावर लिहिण्यासारखं काही नाही. रेजिमेंटल सेंटरचं म्युझियम बघायचं असेल तर परवानगीचं आधी बघा, आयत्या वेळी गेटवर जाऊन हुज्जत घालू नका. खानापूरला बस भरपूर आहेत पण सकाळी पाय ठेवायला जागा नसते, शक्ती योजनेत बायकांना तिकीट नाही त्यामुळं गर्दी वाढलीय. फुकट फक्त कर्नाटकातल्या पत्त्याच्या आधारवर, चंदगड-कोल्हापूरकडच्या ताई-माईंनी सुट्टे पैसे काढून ठेवा. पाटी कन्नडमध्ये असते, कंडक्टरला मराठीत विचारा, सांगतात.

आता जीप. खानापूरहून ठरले १५०० जाऊन-येऊन, शेवटी घेतले २३००. वेटिंगचे वेगळे, चिखलाचे वेगळे, आणि "साहेब तुमच्या कामासाठी चार ठिकाणी फिरलो की" याचे वेगळे. फिरला खरा, पण कुठं? सैनिकाचा पुतळा म्हटल्यावर गडी थेट नंदगडला घेऊन गेला, संगोळ्ळी रायण्णाकडं. आता रायण्णा कित्तूरचा शूर शिपाई, १८३१ मध्ये इंग्रजांनी त्याला इथंच फाशी दिलं, त्या वडाजवळ जाऊन हात जोडलेच पाहिजेत, पण मला पाहिजे ते हे नव्हतं. मग एका देवळामागं नेलं, तिथं वीरगळ. खाली लढाई, मध्ये अप्सरा वीराला वर नेतायत, वर शिवलिंगापुढं बसलेला वीर, माथ्यावर सूर्य-चंद्र. सुंदर आहे, दगडाचा आहे. ड्रायव्हरला आजोबांचा फोटो दाखवला तर म्हणतो, "ह्याच्यासारखाच हाय की ओ." तर जीप ठरवताना तोंडाने नको, कागदावर लिहा, गावाचं नाव, किती तास थांबायचं, किती पैसे.

हलशीला वाटेत थांबलो, भूवराह-नरसिंह मंदिर, कदंबांची जुनी राजधानी, छान आहे, तासभर द्या.

खरा मार पुढं आहे. नागरगाळीच्या बाजूला फाटा फुटतो त्यानंतरचा तुकडा. डांबर संपतं आणि लाल चिकट माती सुरू होते, खानापूरला ज्या मातीची कौलं आणि मडकी करतात तीच. पाऊस थांबून दोन दिवस झाले तरी वाळत नाही. चाक एकदा रुतलं की जागच्या जागी फिरतं, ड्रायव्हर आरशात बघून म्हणतो "उतरा जरा", आणि उतरलात की बूट आत राहतो आणि पाय बाहेर येतो. मी, ड्रायव्हर आणि रस्त्यावरून जाणारे दोघं असं ढकलत होतो, वर पाठीवर चिखलाचा फवारा. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये अजिबात जाऊ नका, म्हणजे अजिबात. दिवाळी होऊ द्या. मोटरसायकलवर जाणार असाल तर मग तुमचं तुम्ही बघा. अंधार पडायच्या आत परत फिरा, त्या जंगलात अस्वलं आहेत, आणि हे गाववाले गंमत म्हणून सांगत नाहीत.

एवढं करून गावात पोचलो तर चौकात जवान उभा. पण हातातली रायफल सरळ उभी धरलेली, आणि कोपरापाशी रंगाचा पोपडा निघून आतली पांढरी जाळी दिसतेय. फायबर! वरून ब्राँझ पेंट. नाण्यानं वाजवलं तर नुसतं टक-टक. ब्राँझ असेल तर नाद येतो आणि थोडा रेंगाळतो, घासलेल्या जागी आतून धातू चमकतो, खाचांत हिरवट धरलेलं असतं. फायबरला दोन्ही बाजूंनी वरून खाली साच्याची शिवण दिसते, ती बघा. लोहचुंबकाचा उपयोग नाही, तो ब्राँझलाही चिकटत नाही आणि फायबरलाही.

मी वैतागून परतच निघालो होतो, तेवढ्यात कट्ट्यावर बसलेले एक म्हातारे रिटायर हवालदार म्हणाले, "हा न्हवं ओ, तुमचा तो वाडीत होता." होता! चालत अर्धा तास, वाटेत जळवा, मीठ जवळ ठेवा. घरात गेलो तर त्या जवानाची लाकडी बैठक सापडली, मिक्सर ठेवलाय तिच्यावर. घरच्या काकींनी मिक्सर उचलला आणि खाली दोन बुटांचे काळे ठसे, कडेनं हिरवी रेघ, चार स्क्रूची भोकं. भोकांमधलं अंतर मी मोजलं, लांबीला साडेसहा इंच, रुंदीला साडेतीन. उजव्या टाचेच्या भोकात नखाएवढा ब्राँझचा तुकडा अजून अडकलेला. काकी म्हणाल्या, सासऱ्यांच्या माघारी भांडीवाला आला होता, मोड घेऊन स्टीलचे डबे देणारा, त्याला देऊन टाकला, उपटताना लई जोर लावावा लागला. वजनावर गेला.

म्हणजे भट्टीत गेला असं घरातले धरून चाललेत. मला नाही पटत. असला अख्खा जवान हातात आलेला माणूस तो वितळवणार नाही, मोडीच्या भावापेक्षा जुन्या वस्तूंच्या बाजारात जास्त मिळतात हे त्या धंद्यातल्या पोरालाही कळतं. तो कुठंतरी उभा आहे, बेळगाव, हुबळी, निपाणी नाहीतर कोल्हापूरला. दुकानात रायफल ट्रेलला धरलेला जवान दिसला तर उजवी टाच बघा, तिथला टवका उडालेला असणार, मग भोकांचं अंतर मोजा. दुकानदारासमोर आजोबा-बिजोबा काढू नका, भाव चढतो. आणि तो "शंभर वर्षांपूर्वीचा आहे" म्हणाला तर लायसन्स विचारा, १९७२ च्या कायद्यानं शंभर वर्षांवरच्या पुरावस्तूचा धंदा लायसन्सशिवाय करता येत नाही. एवढं विचारलं की वस्तू एकदम ऐंशी वर्षांची होते आणि भावही उतरतो.

वाडीत जाणार असाल तर त्या हवालदार काकांनाच आधी गाठा, दुपारी कट्ट्यावर असतात. त्यांना चहा पाजा, पैसे देऊ नका, रागावतात. येताना जीप नंदगडलाच सोडा, तिथून खानापूरला बस मिळते, रिटर्नचे निम्मे वाचतात.