३८ नंबरपासून कन्नड

सकाळी सव्वासातला फोन वाजला की तो दूध सोसायटीचाच असतो. बाकीची गिऱ्हाईकं दहानंतर जागी होतात, सोसायटीत मात्र तोवर सकाळचं संकलन उरकून कॅन गाडीत चढलेले असतात आणि कॉम्प्युटरवर काय अडलं असेल तर ते नेमकं तेव्हाच अडतं.

"सर, बिलं कन्नडमधनं आलीत."

फोनवर अक्का होत्या. खानापूर तालुक्यातल्या एका गावातल्या सोसायटीत एन्ट्रीचं काम करतात. माहेर बैलहोंगलकडचं, लग्न होऊन इकडं आल्या, मराठी आपल्यासारखंच बोलतात, फक्त आकडे मोजताना मनात कन्नड. मी अजून ब्रश करत होतो. म्हटलं, अक्का, कुणीतरी भाषेचं सेटिंग बदललंय बघा, मराठी करा आणि परत छापा.

"मी हात नाही लावला सर. सदतीसपर्यंत मराठी आहे, अडतीसपासनं पुढं सगळं कन्नड."

"असं आपोआप होत नाही ओ अक्का. कुणीतरी बदललंच असणार."

फोन स्पीकरवर होता, आणि टेबलाभोवती वीस-पंचवीस माणसं उभी होती. हे मला नंतर कळलं.

बाहेरच्या वाचकांसाठी थोडं सांगतो. तारीख होती २२ ऑक्टोबर. १ नोव्हेंबरला दहा दिवस. १९५६ साली त्याच तारखेला आमचा भाग तेव्हाच्या म्हैसूर, म्हणजे आजच्या कर्नाटक राज्यात गेला, त्यामुळं त्या दिवशी बेळगावात एका रस्त्यावर कर्नाटकाचा राज्योत्सव आणि दुसऱ्या रस्त्यावर मराठी लोकांचा काळा दिन असतो. या सीमावादावर सुप्रीम कोर्टात २००४ पासून महाराष्ट्राचा दावा आहे. एरवी वर्षभर दोन्ही भाषांची माणसं एकाच टपरीवर चहा पितात, पण ऑक्टोबरच्या शेवटी दुकानाच्या पाटीवरचं अक्षर जरा लहान-मोठं दिसलं तरी लोक थांबून बघतात. आणि त्यात मराठी गावातल्या दूधवाल्यांच्या हातात कन्नड बिलं, छापणारी बाई बैलहोंगलची. पुढचं सांगायला नको.

आमचं सॉफ्टवेअरचं दुकान बेळगावात टिळकवाडीत दुसऱ्या गेटजवळ, आम्ही तिघंजण. हे दुधाचं सॉफ्टवेअर आमच्या जुन्या सरांनी पीएचपी नावाच्या प्रोग्रामिंग भाषेत लिहिलं, मग सर पुण्याला गेले आणि सॉफ्टवेअर माझ्या गळ्यात पडलं. चालतं मात्र बैलासारखं. सकाळ-संध्याकाळचं लिटर, फॅट, एसएनएफ (फॅट सोडून दुधातला बाकीचा घन भाग), त्यावरनं दर, दहा दिवसांनी बिल, बिलातनं पेंडीची आणि उचलीची कपात, खाली निव्वळ रक्कम. एका ए-फोर कागदावर तीन बिलं बसतात, अक्का पट्टी लावून फाडतात. २१२ सभासद, म्हणजे ७१ कागद.

आता मुद्द्याचं. सरांनी कॉन्फिगच्या, म्हणजे सेटिंगच्या फाईलीत वरती एक व्हेरिएबल (नाव लावलेला डबा, आत एक माहिती) ठेवलं होतं, भाषेचं. इथं मी त्याला $भाषा लिहितो (गंमत म्हणजे पीएचपीला असं देवनागरी नाव खरंच चालतं, सरांनी मात्र इंग्रजीत ठेवलेलं). त्यात 'मराठी' भरलेलं. बिलावरचा प्रत्येक शब्द, 'एकूण रक्कम' म्हणा की 'कपात' म्हणा, लेबल() नावाच्या फंक्शनमधनं (ठरलेलं एक काम करणारा कोडचा तुकडा) यायचा आणि त्या फंक्शनच्या पहिल्या ओळीत लिहिलेलं असायचं, ग्लोबल $भाषा.

ही ओळ का लागते ते आमच्याकडं शिकायला येणाऱ्या पोरांना हमखास कळत नाही, कारण ती जावास्क्रिप्टवरनं येतात. तिथं फंक्शनच्या आतनं बाहेरचं व्हेरिएबल सरळ दिसतं. पीएचपीत नाही. पीएचपीचं फंक्शन म्हणजे बंद खोली, आत जे केलं ते आतलं, बाहेरचं पाहिजे असेल तर एक तर दारातनं हातात द्या (पॅरामीटर), नाही तर ग्लोबल म्हणून नाव घेऊन मागा. सेशन, पोस्ट, गेट असले पीएचपीनं स्वतःच दिलेले सुपरग्लोबल तेवढे सगळीकडं न मागता दिसतात. मग पोरं काय करतात, यूट्यूबवर कुणीतरी सांगितलेलं असतं की 'व्हेरिएबल दिसत नाही? ग्लोबल टाका, चालतं'. चालतंय की. चालतं तीच तर पंचाईत आहे.

सरांचं ते ग्लोबल सहा वर्षं सुखानं चाललं, कारण सगळी फंक्शनं ते नुसतं वाचत होती. लिहित कुणीच नव्हतं.

लिहिलं मी. जूनमध्ये वरच्या वस्तीतले चौदा जण सोसायटीत नवीन आले, त्यांना कन्नड बिल पाहिजे होतं आणि ते बरोबरच आहे, ज्याला जे वाचता येतं त्यात हिशोब मिळायला पाहिजे. सभासदाच्या फॉर्मवर मी भाषेचा कप्पा वाढवला आणि एका सभासदाचं बिल काढणाऱ्या फंक्शनमध्ये दोन ओळी टाकल्या. ग्लोबल $भाषा. आणि सभासदाची भाषा कन्नड असेल तर $भाषा = 'कन्नड'. नसेल तर काय, ते लिहिलंच नाही, कारण मराठी तर कॉन्फिगमध्ये आहेच की. कन्नडवाल्याचं एक बिल उघडून बघितलं, मराठीवाल्याचं एक बघितलं, दोन्ही बरोबर. फोनवरच डिलिव्हरी दिली. पैसेही घेतले नाहीत, किरकोळ काम म्हणून.

नवीन चौदा जणांचे नंबर १९९ ते २१२, म्हणजे यादीच्या शेवटी. त्यामुळं जून ते ऑक्टोबर काहीच बिघडलं नाही. १९९ ला भाषा कन्नड झाली, ती परत मराठी झाली नाही, पण पुढं मराठी कुणी नव्हतंच.

हे सगळं मी आत्ता असं सुतासारखं सरळ सांगतोय. त्या सकाळी यातलं काहीही डोक्यात नव्हतं. पिरनवाडी, मच्छे करत गाडी हाणत निघालो तेव्हा मनात पक्कं होतं की अक्कांकडनं चुकून क्लिक झालंय.

पोचलो तर सोसायटीसमोर सुगीच्या दिवसांत नसावी एवढी गर्दी. भातकापणी सोडून माणसं बिलाचा कागद हातात धरून उभी. दोन पोरं मोबाईलवर फोटो काढत होती. तो फोटो माझ्या आधी बेळगावात पोचला होता, वाटेतच मला एका मित्रानं तो पाठवून विचारलं, 'हे तुमचंच सॉफ्टवेअर न्हवं?' अक्का कॉम्प्युटरपुढं बसलेल्या, मान खाली. सेक्रेटरी तात्या म्हणाले, "आलासा? बघा बाबा काय ते, आमचं डोकं चालंना झालंय."

मी बसलो आणि सवयीनं एक बिल उघडलं. ५२ नंबर. स्वच्छ मराठी. ९० नंबर, मराठी. १४३, मराठी. स्क्रीन सगळ्यांना दिसत होती. मागनं एकजण म्हणाला, "बघा, आता मराठी येतंय. मगाशी कुणीतरी बदललेलं, साहेब येणार कळल्यावर परत केलंय." आणि सगळ्या नजरा अक्कांकडं.

ही गोष्ट मला अजून सोडत नाही. पीएचपीत प्रत्येक पान उघडताना सगळं पहिल्यापासनं सुरू होतं. कॉन्फिग परत वाचलं जातं, $भाषा परत 'मराठी' होते, पान संपलं की पाटी कोरी. एकेक बिल उघडलं की दर वेळी नवी पाटी, म्हणून दर वेळी बरोबर. चूक फक्त २१२ बिलं एका दमात काढताना होणार. पीएचपीची ही सवय मी दहा वर्षं जाणतो, पोरांना शिकवतो, आणि त्या खुर्चीत बसून तीन बिलं उघडून त्या बाईच्या विरुद्ध तीन पुरावे दिले. तोंडानं काही न बोलता.

अक्कांनी ड्रॉवर उघडला आणि न फाडलेला एक कागद माझ्यापुढं ठेवला. तेरावा कागद. वरचं बिल ३७ नंबर, मराठी, 'एकूण रक्कम'. मधलं ३८, कन्नड, 'ओट्टु मोत्त'. खालचं ३९, ओट्टु मोत्त.

"सर, प्रिंट एकदाच दिली. मी बदललं असतं तर एकाच कागदावर दोन्ही कसं आलं असतं?"

वीस-पंचवीस माणसांत हा प्रश्न फक्त त्यांनी विचारला होता, आणि सव्वासातला फोनवर सुद्धा त्या हेच सांगत होत्या, सदतीसपर्यंत आणि अडतीसपासनं. आम्ही सॉफ्टवेअरवाले 'युजर एरर' हा शब्द किती सैल हातानं वापरतो ते एकदा मोजायला पाहिजे.

३८ चा फॉर्म उघडला. भाषा, कन्नड. चार दिवसांपूर्वीच बदललेली. आणि मग डोक्यात पडला उजेड.

कारण कळलं तरी दुरुस्ती लगेच नीट झाली असं नाही, मागं माणसं उभी असली की माझा हात बावळट होतो. आधी बिलाच्या फंक्शनच्या शेवटी अनसेट($भाषा) टाकलं, म्हटलं काम झालं की व्हेरिएबल मोडून टाकू. परत ७१ कागद स्क्रीनवर काढले, ३९ पासनं कन्नडच. फंक्शनात ग्लोबल म्हटलं की बाहेरच्या व्हेरिएबलची प्रत येत नाही, त्याच्याशी नुसतं नातं जोडलं जातं. अनसेटनं ते नातं तुटतं, बाहेरचं आहे तसं राहतं. मग ठरवलं प्रत्येक बिलाच्या आधी कॉन्फिगच परत वाचू. रिक्वायर वन्स लिहिलं, ते तर नावाप्रमाणं एकदाच वाचतं आणि फाईल आधीच वाचलेली, म्हणून ढिम्म. नुसतं रिक्वायर केलं, फाईल वाचली गेली, तरी कन्नडच! कारण ती ओळ छपाईच्या फंक्शनच्या आत होती, आणि फंक्शनच्या आत फाईल आणली की तिच्यातली व्हेरिएबलं त्या फंक्शनची होतात. त्या खोलीत 'मराठी' लिहिलं गेलं, बाहेर 'कन्नड' तसंच. आणि कुठं एक एरर नाही, वॉर्निंग नाही. पीएचपीच्या हिशोबानं सगळं बरोबर होतं.

शेवटी साधं केलं, 'नसेल तर $भाषा मराठी' एवढी ओळ वाढवली. ३८ कन्नड, ३९ मराठी. नीट काम, म्हणजे लेबल()ला भाषा हातात देणं, ते रात्री दुकानात बसून केलं. सेहेचाळीस ठिकाणी बदलावं लागलं.

तात्यांना समजावताना मात्र ग्लोबलबिबल काही काढलं नाही. भिंतीवर त्यांचा फळा असतो, त्यावर खडूनं दर लिहिलेला. म्हटलं, तात्या, समजा एका माणसासाठी कुणीतरी फळ्यावरचं पुसून वेगळं लिहिलं आणि परत पहिल्यासारखं केलं नाही, तर पुढच्या सगळ्यांना काय दिसंल?

"तेच दिसंल की."

"तसं झालंय. अडतीसला फळा पुसला."

"आणि पुसला कुणी?"

"मी. जूनमध्ये."

तात्या काही बोलले नाहीत. मागचा एक पोरगा म्हणाला, "कॉम्प्युटर आपोआप करत नाही म्हणून सकाळी तुम्हीच सांगितलासा की." त्यावर माझ्याकडं उत्तर नव्हतं. दुसरा म्हणाला, सॉफ्टवेअरवाल्यावरच वरनं दबाव असणार. काही लोकांना व्हेरिएबलपेक्षा दबाव लवकर पटतो.

मग कुणीतरी विचारलं, हा ३८ नंबरवाला कोण, आणि दाराजवळ घोंगडं घेऊन बसलेले म्हातारे आजोबा तिथनंच बोलले, "मी. मीच सांगितलं अक्काला. मला कुठलंच येत नाही वाचायला. नातू वाचून दाखवतो, तो कन्नड शाळेत हाय पाचवीत." आजोबा घरी, दारी, देवळात सगळीकडं मराठी बोलणारे. मोबाईलवाली पोरं जरा इकडं-तिकडं बघायला लागली. एवढं मात्र खरं की पहिल्या फोटोसारखा हा खुलासा काय कुणी ग्रुपवर पाठवला नाही.

१६० चुकीची बिलं परत छापली. प्रिंटर निम्म्यात असताना लाईट गेली, ती अर्ध्या तासानं आली, तोवर अक्का पट्टी लावून एकेक बिल फाडत होत्या आणि नंबरवार गठ्ठे लावत होत्या. 'चूक माझी होती' हे मी तात्यांना सांगितलं, गर्दीला सांगितलं. अक्कांना वेगळं असं काही सांगितलं नाही, निघताना म्हटलं फक्त, येतो अक्का.

सरांना रात्री फोन केला, भांडायलाच केला होता, की ग्लोबल ठेवलासा कशाला म्हणून. सर म्हणाले, मी ठेवलं खरं, पण सहा वर्षं त्याला हात कुणी लावला नव्हता. रजिस्टर ग्लोबल्सच्या काळातली माणसं ही. तेव्हा ब्राउझरच्या पत्त्यातनं आलेलं नाव सुद्धा आपोआप ग्लोबल व्हायचं, २००२ मध्ये पीएचपीच्या ४.२ आवृत्तीत ते मुळात बंद ठेवलं आणि २०१२ मध्ये ५.४ ला काढूनच टाकलं. त्यांच्या मानानं एक $भाषा म्हणजे काहीच नाही. अजून आमच्या दोघांत ठरलेलं नाही चूक कुणाची. मी रोज बाजू बदलतो.

२१ ते ३१ ऑक्टोबरची बिलं २ नोव्हेंबरला निघाली. सकाळी सव्वासातला फोन.

"सर, अडतीस कन्नड. एकोणचाळीस मराठी. बघितलं."

आणि ठेवला. तेव्हापासनं दर दहा दिवसांनी हा फोन येतो. तेवढंच सांगतात आणि ठेवतात. आता त्याची गरज नाही, ते व्हेरिएबलच राहिलेलं नाही. हे त्यांना सांगायचं अजून मला जमलेलं नाही.