डॉक्टरांशी तासभर बोलायचं होतं, आणि मध्ये आला एक फॉर्म

बाळाला डाऊन सिंड्रोम आहे हे आईवडिलांना कसं सांगावं, यावर नवी मुंबईतल्या एका हॉस्पिटलात रेसिडेंट डॉक्टरांशी बोलायचं होतं. तासभर, फुकट. बालरोगच्या हेड मॅडम लगेच हो म्हणाल्या. अडलं ते ऑफिसात.

फॉर्मवर रकाना होता, 'वक्त्याची पात्रता'. मी लिहिलं, 'आई'. साहेबांनी कागद परत सरकवला. "डिग्री लिहा." बी.कॉम. लिहिलं. "मॅडम, कॉमर्सवाले डॉक्टरांना काय शिकवणार?" मग अशा कार्यक्रमांना बसल्याबद्दल डॉक्टरांना मिळणारे क्रेडिट पॉइंट निघाले. म्हटलं, पॉइंट नकोत. "मग कार्यक्रम कशाला?" मग संस्थेचं लेटरहेड हवं. संस्थाच नाही तर लेटरहेड कुठून आणू? मग साहेब रजेवर. मग फाईल 'वर गेली'. ठाण्याहून हाफ डे टाकून ट्रान्स हार्बरने नेरूळ गाठायचं आणि झेरॉक्स मशीनशेजारच्या बाकावर बसून राहायचं. शिपायाला माझा चहा किती साखरेचा तेही पाठ झालं.

राग येण्याचं कारण वेगळंच होतं. आमच्या वेळी डॉक्टरांनी नवऱ्याला एकट्याला लिफ्टपाशी गाठून सांगितलं, "मूल मतिमंद निघणार. मिसेसना इतक्यात बोलू नका." त्या डॉक्टरांच्या नावापुढे दीड ओळ डिग्र्या होत्या. त्यांची पात्रता कुणी विचारली नव्हती.

सुटका केली वॉर्डातल्या एका सिस्टरनी. "ताई, ऑफिसात जाताच कशाला? विभागाची दर आठवड्याला केस डिस्कशन असते, त्यात बसा. हेड मॅडमची सही पुरते." दुसऱ्या दिवशी सही हातात! तेव्हा कुणाला असं काही करायचं असेल तर 'कार्यक्रम' आणि 'वक्ता' हे शब्द तोंडातून काढू नका.

प्रत्यक्ष तास मस्त झाला. टॉवेलची गुंडाळी करून बाळ केलं, आई मी झाले. पहिला रेसिडेंट उभ्या उभ्या सुरू झाला, "एकविसाव्या गुणसूत्राची जादा प्रत..." मी विचारलं, "डॉक्टर, दूध कधी पाजू?" गडी थांबला. दुसऱ्या खेपेला खुर्ची ओढून बसला, नवऱ्यालाही बोलवा म्हणाला, आधी अभिनंदन केलं, टॉवेलचं नाव विचारलं. मग शंका काय आहे, कॅरिओटाइप म्हणजे गुणसूत्रांची तपासणी कशासाठी, रिपोर्टला दोन-तीन आठवडे लागू शकतात, हे सांगितलं. जवळपास निम्म्या बाळांना हृदयाचा जन्मजात दोष असतो, म्हणून टूडी इको रिपोर्टची वाट न बघता करायचा, थायरॉइडही तपासायचं. हे ऐकून आईला किमान उद्या काय करायचं ते कळतं. मूल पुढे किती शिकेल याचं भाकीत पहिल्या दिवशी कुणीच करू नये, यावर मी अडून बसले. जाताना हातात काहीतरी द्या: सरकारी डीईआयसीचा (लहान मुलांच्या वाढीतल्या अडचणींवर लवकर मदत देणारं जिल्ह्याचं केंद्र) पत्ता, तयार असलेल्या एखाद्या पालकाचा नंबर.

सिस्टर्सना बोलवायला विसरू नका. रात्री दोनला आई त्यांनाच विचारते, "माझ्या बाळाचे डोळे असे का?"

हो, अर्ज करावाच लागला तर त्यात लिहा की संवादकौशल्य 2019 पासून एमबीबीएसच्या अभ्यासक्रमातच आहे. मला हे फार उशिरा कळलं. आणि रेसिडेंटची बॅच बदलत राहते, म्हणून पुढची तारीख त्याच दिवशी मागून घ्या.