सिंह राहिले बाजूला, मला टोचला ओल्डुपाई

टांझानियाला जाऊन आले म्हटलं की सगळे सिंहाचंच विचारतात. सेरेंगेटीत तीन दिवस होतो, सिंह दिसले, धूळ खाल्ली, संपलं. मला सांगायचंय ते ओल्डुवाईच्या दरीचं, जिथे टूरवाल्यांनी आम्हाला जेमतेम पाऊण तास दिला होता (त्यातला निम्मा टॉयलेटच्या रांगेत गेला, असो).

तिथल्या म्युझियममध्ये पुरातत्त्वज्ञ मेरी लीकीबाईंना १९५९ साली इथे सापडलेल्या साडेसतरा लाख वर्षांपूर्वीच्या, मानवकुळातल्या कवटीबद्दल वाचलं, आणि बाहेर दरीच्या कडेला फोटोसाठी मागे सरकले तर पोटरीत खच्चकन काहीतरी घुसलं. बघते तर स्नेक प्लांट! म्हणजे आपल्या बाल्कनीतल्याचा दांडगा मोठा भाऊ. कमरेएवढा, पंख्यासारखी दोन्ही बाजूंना एकावर एक पानं, जाड, वरून पन्हाळीसारखी खोलगट, कडांना तांबूस रेघ आणि टोकाला दाभण.

आमचा मसाई गाइड हसला. "सॉरी मामा, हाच ओल्डुपाई." (तिकडे बाईमाणसाला मामा म्हणतात, पहिले दोन दिवस मी इकडेतिकडे बघायचे.) या झाडावरूनच दरीचं नाव, पण १९११ साली आलेल्या एका जर्मन डॉक्टरने ते ओल्डुवाई असं ऐकलं आणि जगभर तेच चिकटलं. इंग्रजीत याला वाइल्ड सिसल म्हणतात तेही चुकीचंच, खरा सिसल घायपाताच्या जातीतला, मूळचा मेक्सिकोकडचा, हा मात्र अस्सल इथला. गाइड म्हणाला दुष्काळात हत्तीसुद्धा पाण्यासाठी याची पानं चघळतात आणि चोथा थुंकतात. म्हणजे आपण ऊस खाऊन चिपाडं टाकतो तसंच की!

तेवढ्यात त्याचं लक्ष माझ्या सँडलकडे गेलं, पट्टा सकाळीच तुटला होता आणि मी पाय ओढत चालत होते. त्याने एक पान कापलं, दगडाने ठेचलं, सुरीने गर खरवडला, आत पांढरा वाख. तो मांडीवर वळायला लागला आणि मला एकदम आजोबाच दिसले, बैलांची दावी ते असंच घायपाताचा वाख मांडीवर घेऊन वळायचे. पाच मिनिटांत दोरी, पट्टा बांधून मोकळा. पैसे देऊ केले तर घेईना, मग नवऱ्याने त्याला बाकरवडीचं पाकीट दिलं, ते मात्र लगेच फोडलं. ड्रायव्हर हॉर्न वाजवत बसला होता, वाजवू दे म्हटलं.

पुण्यात परत आल्यावर सँडल चांभाराकडे नेली. तो म्हणे, "ताई, ही सुतळी कापून नवा पट्टा टाकू?" म्हटलं, पट्टा टाका, सुतळी मला परत द्या.